तंग आवळण्याआधी

वैशाखातली लगीनसराई. चिखलीहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर लागतं. तिथे काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, वरातीचं चित्र सारखंच. पुढे बँड, मागे पोरांचा नाच, मध्ये घोडीवर फेटा बांधलेला नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात हट्ट करून बसलेला चार-पाच वर्षांचा भाचा. मारुतीच्या देवळापर्यंत जाईतो नवरदेव डावीकडे कललेला असतो. आधी वाटतं, पोरगा अवघडला असेल. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पोरगा सरळच बसलाय, खोगीरच फिरलंय. लगेच चार जणांचा सल्ला: "भाऊ, तंग आवळा ना!" घोडीवाला घोडीच्या पोटाला गुडघा टेकवतो, पट्टा ओढून आणखी एक भोक पुढे नेतो, घोडी कान मागे टाकते, दात दाखवते, आणि वरात पुढे निघते. दहा मिनिटांनी खोगीर पुन्हा डावीकडे.

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा, खोगीर जागेवर धरणारा पट्टा. खोगीर घसरलं की पहिला आळ त्याच्यावर येतो आणि बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. खोगीर घसरण्याची कारणं घोड्याच्या पाठीच्या ठेवणीत असतात, खोगिराच्या सांगाड्यात असतात, बसणाऱ्याच्या वजनात आणि बसण्यात असतात, आणि पुष्कळदा घोड्याच्या मागच्या पायातही असतात. तंगाचा नंबर यानंतर लागतो. तो आवळून यातलं एकही कारण जात नाही. फक्त घोड्याला श्वास घेणं जड होतं आणि काखेजवळची कातडी सोलवटते.

आधी पाठ कशी असते ते पाहू. मान जिथे पाठीला मिळते तिथे घोड्याला हाडांचा एक उंचवटा असतो. पाठीच्या मणक्यांची वर आलेली लांब टोकं तिथे असतात. घोड्याची उंची मोजतात ती याच उंचवट्यापर्यंत. खोगिराच्या दृष्टीने हा उंचवटा म्हणजे मोठा आधार, कारण सांगाड्याचे दोन बाजूंचे फाळके त्याच्या दोन्ही अंगांना बसले की खोगीर सहजी गोल फिरत नाही. मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याला हा उंचवटा चांगला ठसठशीत असतो. बुटक्या, भरल्या अंगाच्या तट्टाला तो जवळजवळ नसतोच. पाठ सपाट, बरगड्या गोल. अशा पाठीवर खोगीर धरून ठेवायला काही नसतं, ते पोटाभोवती फिरायला मोकळं असतं.

उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याची रुंद पाती असतात. त्यांना फरा म्हणतात. घोड्याला गळ्याचं हाड नाही. त्याचे पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीत टांगलेले असतात. त्यामुळे पुढचा पाय पुढे पडतो तेव्हा फऱ्याचं वरचं टोक मागे सरकतं, चांगलं काही बोटं मागे. उभ्या घोड्यावर जिथे खोगीर नीट बसल्यासारखं दिसतं, तिथे चालत्या घोड्याचा फरा दर पावलाला येऊन धडकतो. म्हणून खोगीर ठेवायची जुनी रीत अशी: आधी ते जरा पुढे ठेवायचं आणि मग केसांच्या दिशेने मागे सरकवत न्यायचं. फऱ्याच्या मागे जिथे ते आपसूक अडकतं, तीच त्याची जागा. मागून पुढे ढकलू नये, केस उलटे फिरतात आणि तासाभरात तिथे आग होते.

मागच्या बाजूलाही हद्द आहे. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबर येते, आणि कंबरेखाली बरगडीचा टेकू नाही. तिथे वजन टाकणं म्हणजे बिनखांबाच्या जागी माळा बांधणं. वरातीची मखमली खोगिरं लांबलचक असतात, शोभेसाठी मागे उंच पाठही केलेली असते, आणि नवरदेव आरामात मागे रेलून बसतो. त्याचं सगळं वजन नेमकं कंबरेवर.

आता खोगीर का सरकतं ते. पुढे सरकण्याचं कारण वेगळं आणि मागे सरकण्याचं वेगळं, आणि ती ओळखायला फार शिकावं लागत नाही. तंग नेहमी छातीच्या सगळ्यात अरुंद भागी जाऊन थांबतो, म्हणजे कोपराच्या किंचित मागे. खोगिराचे पट्टे त्या जागेच्या बरोबर वर लोंबत असतील तर काही बिघडत नाही. ते मागे असतील तर चालता-चालता तंग पुढे घसरत आपल्या जागी जातो आणि खोगिराला सोबत घेऊन जातो. पोट सुटलेल्या घोडीचं हे ठरलेलं दुखणं: पोटाचा घेर मागे मोठा, पुढे लहान, त्यामुळे तंग उतारावरून पुढे येतो आणि खोगीर फऱ्यांवर चढतं. उलट, पोट खपाटीला गेलेल्या, छातीने खोल घोड्याचं खोगीर मागे जातं. शर्यतीच्या घोड्यांची ठेवण अशी असते. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे पाहिले असतील तर छातीवरून आडवा गेलेला पट्टा दिसला असेल. तो पेशबंद, खोगीर मागे जाऊ नये म्हणून बांधलेला.

पुढे जाणाऱ्या खोगिराला दुमची. खोगिराच्या मागच्या कडीतून निघून शेपटाच्या मुळाखालून जाणारा पट्टा तो हाच. डोंगर उतरताना बुटक्या तट्टाला दुमचीशिवाय गत्यंतर नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून वर माणसं घोड्यांवरून जातात. चढाला पेशबंदाचा आणि उताराला दुमचीचा उपयोग तिथे समजतो. पण हे दोन्ही पट्टे आधारापुरते आहेत. सगळं खोगीर दुमचीवर तोललं जात असेल तर शेपटाच्या मुळाशी जखम होते, आणि ती झूल उचलल्याशिवाय दिसतही नाही. दुमची आणि शेपूट यांमध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. तिथला पट्टा गोल, मऊ आणि रोज पुसलेला असावा. घामाचं मीठ वाळून चामडं कडक झालं की ते कानशीसारखं घासतं.

बाजूला फिरणं हा खरा वरातीतला आजार. याचं पहिलं कारण चढताना होतं. आपल्याकडे घोड्यावर डावीकडून चढतात. नवरदेवाने डाव्या रिकिबीत पाय टाकला की त्याचं सत्तर-पंचाहत्तर किलो वजन घोड्याच्या कण्यापासून वीतभर लांब, एकाच बाजूला लोंबतं. खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि ते थांबवण्याचा सगळा ताण उंचवट्याच्या उजव्या अंगावर येतो. खोगिराखाली दाब मोजणाऱ्या चटया घालून केलेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं आहे: जमिनीवरून चढलं की तिथला दाब जास्त, चौथऱ्यावरून चढलं की कमी. म्हणून ओटा, पायरी, बाजेचा माचवा, काय असेल ते घोडीजवळ ओढावं. तेही नसेल तर दुसऱ्या माणसाने समोरची, उजवी रिकीब खाली दाबून धरावी. जुने घोडीवाले हे न सांगता करतात. नवे पोरगे लगाम धरून उभे राहतात आणि नवरदेव शिडी चढल्यासारखा खोगिराला लोंबकळतो. तिथेच खोगीर दोन बोटं डावीकडे गेलेलं असतं. पुढचे दोन तास मिरवणूक त्याच तिरकस खोगिरावर निघते.

दुसरं कारण बसणाऱ्याच्या अंगात असतं. फार थोडी माणसं दोन्ही नितंबांवर सारखं वजन टाकून बसतात. त्यात एका हातात तलवार किंवा कट्यार, दुसऱ्या हाताने भाच्याला धरलेलं, दोन्ही रिकिबींचे पट्टे एका लांबीचे नाहीत. चामड्याचा पट्टा वर्षानुवर्षं चढण्याच्या बाजूने ताणला जातो आणि डावा पट्टा उजव्यापेक्षा लांब होतो. तो अधूनमधून अदलाबदल करून लावला तरी हा दोष निम्मा जातो. फुकटचा उपाय आहे, पण तो करणारे कमी.

तिसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या एका पशुआरोग्य संस्थेत लिने ग्रेव्ह आणि स्यू डायसन या दोन पशुवैद्यांनी शंभराहून अधिक घोडे तपासून 2013 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. मागच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्यांपैकी निम्म्याहून अधिक घोड्यांचं खोगीर एका बाजूला घसरत होतं, आणि बहुतेकांत ते जास्त दुखऱ्या पायाच्या बाजूला घसरत होतं. पुढच्या पायाने लंगडणाऱ्यांत असं क्वचितच आढळलं. मग त्यांनी दुखरा भाग इंजेक्शनने बधिर केला. घोडा सरळ चालू लागला आणि खोगीर जवळजवळ सगळ्याच घोड्यांत जागेवर राहिलं. खोगीर तेच, तंग तोच, बसणाराही तोच. कारण असं की मागचे दोन पाय सारखा रेटा देत नसतील तर पाठ दोन्हीकडे सारखी हलत नाही, आणि दर पावलाला खोगीर थोडं थोडं एकीकडे ढकललं जातं. यातलं लंगडणं इतकं बारीक असू शकतं की वर बसलेल्याला कळत नाही. तेव्हा वेगवेगळी माणसं बसूनही एखाद्या घोडीचं खोगीर नेहमी एकाच बाजूला जात असेल, तर चांभाराकडे जाण्याआधी पशुवैद्याकडे जावं. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या नालांवर तासन्‌तास नाचवलेल्या घोडीच्या मागच्या पायांचं काय झालं असेल याची कल्पना करणं अवघड नाही.

गोलात धावताना ही तिरकस ओढ आणखी वाढते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीतलं रिंगण ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे की बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे दोन अश्व त्यात धावतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्यावर कुणी बसत नाही. भरधाव गोल धावणाऱ्या घोड्यावर स्वाराचं वजन वर्तुळाच्या बाहेर ओढलं जातं. तिथे खोगीर पाठीला नेमकं बसलेलं हवं आणि स्वाराला तोल हवा; नुसत्या आवळलेल्या पट्ट्यावर ते निभत नाही.

आता आरामाची गोष्ट. खोगिराच्या खालच्या अंगाला मधोमध एक पोकळी असते. दोन्ही बाजूंच्या गाद्या कण्याच्या दोन अंगांना, बरगड्यांवरच्या स्नायूंवर टेकतात आणि कणा मधल्या पोकळीत मोकळा राहतो. डोक्यावरच्या चुंबळीचं काम हेच. घागरीचा भार कडेकडेने वाटला जातो आणि टाळूवर थेट काही येत नाही. ही पोकळी बुजली की सगळं संपलं. माणूस वर बसल्यावर उंचवटा आणि खोगिराचा पुढचा कमानी भाग यांमध्ये दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मागून वाकून पाहिलं तर कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. नवं खोगीर यात पास होतं. दोन हंगामांनी गाद्यांमधला भरणा चेपतो, पुढची कमान खाली येते आणि ती थेट हाडावर बसते. त्या जागी कातडी आणि हाड यांच्या मध्ये मांस जवळजवळ नाही. तिथली जखम आतपर्यंत जाते आणि महिनोन्‌महिने भरत नाही.

अशा वेळी आपल्याकडचा हमखास उपाय म्हणजे खाली आणखी एक गोधडी. मला हा उपाय तंग आवळण्याइतकाच घातक वाटतो. खोगीर आधीच अरुंद असेल तर गोधडीने ते आणखी अरुंद होतं. शिवाय बसणारा पाठीपासून आणखी उंच जातो, घोड्याशी त्याची पकड सुटते आणि खोगीर जास्त डुलतं. मग ते थांबवायला तंग आणखी आवळायचा. एक जाड, धुतलेला लोकरी नमदा पुरे. धनगरांच्या तांड्यातला घोडा पाहा: ओझ्याखाली घडी केलेलं घोंगडं असतं, पण ते उंचवट्यावर ताणून न बसवता मधोमध वर उचलून पोकळीत सरकवलेलं असतं, म्हणजे खाली हवा खेळते. लोकर घाम शोषते आणि घसरतही नाही. मखमल आणि नायलॉन यातलं काहीच करत नाहीत.

त्या धनगरी घोड्याबद्दल थोडं सांगायला हवं. भीमेच्या खोऱ्यातला तो भीमथडी घोडा. मराठ्यांच्या फौजांनी ज्याच्या पाठीवर हिंदुस्थान पालथा घातला तो हा बुटका, काटक, कमी चाऱ्यावर टिकणारा गडी. आज पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागांतले मेंढपाळ त्याच्यावर बिऱ्हाड लादून वर्षाचे कित्येक महिने चालतात. अलीकडे त्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा. घोड्याची पाठ लागली की शिलेदाराची रोजी बुडाली. त्यामुळे पाठीची निगा हा त्याच्या लेखी पोटाचा प्रश्न होता. अमडापूर ज्यात येतं त्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातीनेही घोडदळं कमी पाहिलेली नाहीत. साखरखेर्ड्याजवळ 1724 मध्ये निजाम-उल्‌-मुल्क आणि मुबारिझखान यांच्या फौजा लढल्या त्या इथेच. आता या भागात उरलेले घोडे प्रामुख्याने नवरदेवासाठी.

इंग्रजी फौजांनाही घोड्यांच्या पाठीचं हे कोडं पुरून उरलं होतं. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा लागलेल्या पाठींनी घोडे जास्त निकामी होत, अशी त्यांच्या पशुवैद्यांची कायमची तक्रार. हिंदुस्थानात काम केलेल्या फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्याने 1891 मध्ये खोगिरं आणि लागलेल्या पाठी एवढ्याच विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. घोड्याची पाठ सबंध वर्षभर एका मापाची राहत नाही, मोहिमेत तो वाळतो, तेव्हा खोगीर त्याच्या अंगाप्रमाणे बदलता आलं पाहिजे, हे त्या काळच्या पशुवैद्यांना कळून चुकलं होतं.

आपल्याकडे हा बदल पंचांगाप्रमाणे होतो. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, घोडी पावसाळाभर हिरव्या चाऱ्यावर बांधून राहते. पाठीचे स्नायू सैल पडतात, पोट सुटतं. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवसापासून घोडीला बोलावणी सुरू. गेल्या ज्येष्ठात बसणारं खोगीर आता बसत नाही, पण ते कोण पाहतो? मग हिवाळ्यात खोगीर पुढे सरकतं, आणि उन्हाळ्यात घोडी वाळल्यावर तेच खोगीर उंचवट्यावर टेकतं. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या दलवटण्याच्या छावणीला लिहिलेलं पत्र शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. दाणागोटा आणि गवत पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीतर घोडी मरतील, हा त्याचा विषय. पावसाळा हा घोड्याच्या अंगाचा काळ आहे, ही समज त्यात आहे. त्या महिन्यांत घोडीला रोज अर्धा तास नुसतं हाती धरून चालवलं, तरी पाठ बरीच शाबूत राहते.

पाठीचं माप घ्यायला दुकानातलं उपकरण लागत नाही. बांधकामाच्या सळ्या बांधायची जाड, वाकणारी तार घ्यावी. घोडी सपाट जागी चारही पाय सारखे टेकून उभी करावी. फऱ्याच्या मागे चार बोटांवर ती तार पाठीवरून आडवी, पालथ्या वाटीसारखी दाबून बसवावी, अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी आणि पेन्सिलने आखून घ्यावी. आकृतीवर तारीख टाकावी. तुळशीच्या लग्नाआधी एकदा आणि चैत्रात एकदा अशी दोन मापं एकावर एक ठेवली की पाठ कुठे भरली आणि कुठे बसली ते कळतं. डावी आणि उजवी बाजू सारखी नसेल तर तेही तिथेच दिसतं. हाच पुठ्ठा कापून खोगिराच्या कमानीखाली धरला की गादीत कुठे भरणा घालायचा हे कारागिराला तोंडाने सांगावं लागत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तर तो पिशवीत घालूनच न्यावा. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात घोड्यांबरोबर साजही विकायला असतो, आणि आरशा-गोंड्यांचं खोगीर आवडलं म्हणून घेतलं जातं, पाठीला बसतं म्हणून नव्हे.

खोगीर उतरवल्यावरची पाच मिनिटं फार बोलकी असतात. अर्धा-पाऊण तास काम करून आलेल्या घोडीचं खोगीर काढलं की पाठीवर घामाचा ठसा दिसतो. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि मधोमध कोरडी रेघ असेल तर ठीक. ओल्या पट्ट्यात मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब इतका होता की घामाच्या ग्रंथींचं काम थांबलं. पाठ तिथे "छान कोरडी" राहिली असं समजणारे मी पाहिलेत. त्याच जागी काही दिवसांनी सूज येते, मग केस गळतात, आणि नवे येतात ते पांढरे. केसाला रंग देणाऱ्या पेशी दाबाने मेलेल्या असतात. तांबड्या घोडीच्या उंचवट्याजवळ पांढरे ठिपके दिसले की विकणाऱ्याने काहीही सांगो, जुन्या खोगिराचा इतिहास तिथे लिहिलेला असतो. पांढऱ्या घोडीत हा पुरावा दिसत नाही. वरातीला पांढरीच लागते.

ठसा पाहून झाला की बोटांची टोकं कण्याच्या दोन बोटं खालून, उंचवट्यापासून कंबरेपर्यंत एकाच दाबाने फिरवावीत. घोडी एखाद्या जागी पाठ खाली घेते, शेपूट झटकते, मान वळवून पाहते. दोन्ही बाजूंना, दोनदा करावं. प्रत्येक वेळी तिथेच ती दचकत असेल तर त्या जागेला खोगीर लागू द्यायचं नाही. तंग ओढताना घोडी चावायला येते, पोट फुगवते, पाय आपटते, याला "खोड" म्हणायची आपली पद्धत आहे. खोड बहुधा दुखण्यातून लागलेली असते.

तंग आवळण्याचीही एक रीत आहे. एका दमात शेवटच्या भोकापर्यंत जाऊ नये. आधी नुसतं अडकेल इतपत, मग चार पावलं चालवून दोन भोकं, मग चढण्याआधी शेवटचं. मधल्या टप्प्यावर घोडीचे पुढचे पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून पुढे ताणावेत, म्हणजे काखेत चिमटलेली कातडी सरळ होते. तंगाखाली छातीच्या मधोमध सपाट हात सरकला पाहिजे, मूठ जाऊ नये. बाजूने तपासलं तर फसगत होते, बरगड्यांच्या खळग्यात तो सैलच लागतो. पाच-दहा मिनिटं चालल्यावर पुन्हा पाहावा, कारण नमदा दबलेला असतो. आणि थांबलं की सैल करावा.

हे थांबणं वरातीतलं सगळ्यात वाईट. चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवरचा दाब दर पावलाला एका बाजूकडून दुसरीकडे जातो, रक्ताला वाट मिळते. उभ्या घोडीवर तोच भार त्याच जागी तासभर दाबून राहतो. डीजेच्या भिंतीमागे पोरं एका चौकात पाऊण तास नाचतात, तेव्हा नवरदेवाने खाली उतरून त्यांच्यात नाचावं. पाठीलाही बरं, आणि पाहुण्यांनाही आवडेल.

वजनाचा हिशेब सोपा आहे. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत भार, खोगिरासकट, त्याला झेपतो, असा घोडदळांचा जुना आडाखा. अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार ठेवून पाहिला. पंचविशीपासून पुढे स्नायूंचा आखडलेपणा आणि दुखणं स्पष्ट वाढलं. तीनशे किलोच्या घोडीचा पाचवा हिस्सा साठ किलो. नवरदेव पंचाहत्तरचा, भाचा पंधराचा, मखमली खोगीर आणि साज दहा-पंधराचा. बेरीज ज्याची त्याने करावी. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे नियम आहेत. त्यात तट्टावर लादायच्या ओझ्याची कमाल मर्यादा 70 किलो आहे. काटेरी लगाम वापरण्यावर त्याच नियमांत बंदी आहे, आणि ती स्वारीच्या जनावरांनाही लागू आहे. तरीही अशा लगामांचा वापर पुरता थांबलेला नाही.

त्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे: जिथे तापमान 37 अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना कामाला लावू नये. वऱ्हाडात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारचे मुहूर्त कमी नसतात. घोडा माणसासारखाच घामाने अंग थंड करतो, पण जरीच्या झुलीखाली घाम वाळत नाही. ओल्या कातडीवर थोडंसं सरकलेलं खोगीरही सोलपटून काढतं. सुपारी ठरवतानाच वेळ, अंतर आणि थांबे ठरवावेत. झूल फक्त शेवटच्या टप्प्यात, मांडवाच्या दारात फोटोपुरती घालावी. भाच्यासाठी काकाचा खांदा आहे. घोडीची पाठ लागलेली असेल तर ती भरेपर्यंत खोगीर नाही, मधला मार्ग नाही. वरून छिद्र पाडलेला नमदा, मलम, पावडर यांनी हंगाम काढणारे घोडीवाले पुढचा हंगाम घोडीशिवाय काढतात. त्यांच्या नुकसानीत थोडा वाटा आपलाही असतो, कारण "आमची घोडी आज आजारी आहे" असं मुहूर्ताच्या दिवशी ऐकून घ्यायची आपली तयारी नसते. तेव्हा ठरवायला जाल त्या दिवशी घोडी खोगिराशिवाय पाहायला मागा, आणि तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवा.